स्कॉफ

कार्डाच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहिलं: स्कॉफ.
खाली अर्थ, त्याच्या खाली वापर,
आणि दोन्हींपुढे मोकळी जागा.
विद्यापीठाने दिलेली दोनशे कार्डं, उसना टेपरेकॉर्डर,
आणि क्रो आर्म नावाचं खेडं, न्यूफाउंडलंडच्या
इतक्या टोकाला, की पुढे फक्त धुक्याचीच वस्ती.

मोठ्या कोशात या शब्दाला दोन बिऱ्हाडं आहेत.
एकात तो हसतो, ओठ वाकडा करून, समोरच्याची टर उडवत.
दुसऱ्यात तो खातो, बकाबका,
पहिला घास उतरायच्या आत दुसरा कोंबत.
तोंड एकच,
पण कोश म्हणतो, दोघांचं एकमेकांशी नातं नाही.

"चुकलंय," लिअँडर कीपिंग म्हणाला.
वय ब्याऐंशी. दात दोन, तेही समोरासमोर नाहीत.
"हादडण्याला नाही म्हणत, पोरी.
रात्रीला म्हणतात."
आणि पुन्हा जाळ्याच्या फाटक्या भोकात सुई घातली.

मी लिहिलं: रात्र.
खोडलं.

त्याची बहीण ट्रायफीना चुलीशी पाठमोरी उभी होती.
टेपची चाकं फिरत होती, ती त्यांच्याकडे न बघता बोलली:
"त्या हिवाळ्यात सरकारी तपकिरी पीठ यायचं.
चव लाकडाच्या भुशाची. तेही महिना संपायच्या आधी संपायचं.
आमचा एबनर ताट चाटून झालं की
ताटाची कड चावत बसायचा.
तेव्हा आम्ही कसे खायचो त्याला नाव नव्हतं.
पोटात आग असली की कोण शब्द शोधतंय?
एकदा पाद्री आले होते. त्यांनी एबनरला बघितलं
आणि हसले.
वाईट नव्हता माणूस. पण हसले.
त्या हसण्याला तुझ्या पुस्तकात काही असेल, तर लिही."

टेप संपली. फटक फटक वाजत राहिली.
मी ती बंद करायला जरा उशीरच केला.

रात्री परसात कुजबुज. कुंपणाची एक फळी करकरली.
मी उठले, तर ट्रायफीना अंधारातच बसलेली,
कोट घालून, बूट घालून.
"गप. पोरं कोबी चोरतायत."
"कुणाचा?"
"माझा, अजून कुणाचा?"
अर्ध्या तासाने दार वाजलं.
सायलस हिस्कॉकचा थोरला, कानापर्यंत लाल:
"आजी, आमच्याकडे स्कॉफ आहे. येताय ना?"
आजीने फळीवरची मिठाची बरणी उचलली.
"या कार्ट्यांना कधीच पुरेसं घालता येत नाही."

हिस्कॉकच्या स्वयंपाकघरात खिडक्या वाफेने आंधळ्या.
खाऱ्या बीफचं पातेलं, सलगम, बटाटे,
कॉडच्या जिभा डुकराच्या चरबीत कुरकुरीत,
आणि मधोमध तो कोबी, पाकळी पाकळी सुटलेला.
ट्रायफीनाने पहिला घास घेतला, डोळे मिटले.
"छान आहे रे. कुणाच्या परसातला?"
एक क्षण काटे थांबले,
आणि मग छप्पर उडेल असं हसणं.
लिअँडरला ठसका लागला, कुणी त्याच्या पाठीत रट्टे घातले,
सगळ्यांत मोठ्याने हसली ती. तोंडात कोबी होता.

मी सकाळपासून दोन बिस्किटांवर होते.
आडवा हात मारला. रस मनगटावरून ओघळला,
बाहीला पुसला,
आणि कुणीतरी न विचारता माझं ताट पुन्हा भरलं.

पहाटे परतताना तिने कंदील परसावर धरला.
काळ्या मातीत खड्डे. बोटाने मोजले: अकरा.
"दरवर्षी नऊ असतात," ती म्हणाली,
आणि माझ्याकडे बघितलं.

कार्ड कोटाच्या खिशात होतं,
चरबीने इतकं पारदर्शक झालेलं
की त्यातून कंदील दिसत होता.